आसनाची उंची : लेण्यांतील दगडी आसने आणि आजच्या विहारांतील फर्निचर

विहारासाठी धर्मासन करवून घ्यावयाचे असल्यास ते कसे असावे, हा प्रश्न वरकरणी सुताराचा आणि दात्याचा वाटतो. परंतु गेल्या वर्षावासात आमच्या अभ्यासवर्गात हा प्रश्न निघाला, तेव्हा तो इतका साधा नाही असे आमच्या ध्यानात आले. एका उपासकाने सागवानी धर्मासन दान देण्याची इच्छा व्यक्त केली. नमुना म्हणून त्यांनी वेरूळच्या दहाव्या लेण्यातील बुद्धमूर्तीचे छायाचित्र आणले होते. पाय सिंहाचे, पाठीमागे मकरमुखे आणि सर्वांवर सोनेरी रंग, अशी त्यांची कल्पना होती. आमच्यापैकी काहींनी विनयाचा आधार देऊन शंका काढली. त्यावर एक वयोवृद्ध उपासिका म्हणाल्या, "आमच्या पिढ्यान्‌पिढ्या खाली बसण्यात गेल्या. आता आमचे भन्ते सिंहासनावर बसले तर तुम्हाला का खुपावे?" या प्रश्नाला घाईने उत्तर देणे योग्य नव्हते. प्रस्तुत लेख त्या उत्तराच्या शोधातून सिद्ध झाला आहे.

प्राचीन अवशेषांवरून नवे फर्निचर घडविण्याची प्रथा आज सर्वत्र रूढ आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील २००१ साली लोकार्पण झालेल्या भव्य स्तूपाने सांचीचा आकार नव्या बांधकामात आणला. तसाच चैत्यकमानीचा आकार कपाटांच्या दारांवर, पुस्तकांच्या मांडणीवर आणि मूर्तीच्या चौथऱ्यावर येऊ लागला आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहराभोवती अजिंठा, वेरूळ आणि विद्यापीठामागील डोंगरातील बुद्ध लेणी असल्याने येथील कारागिरांना नमुन्यांची वाण नाही. प्रश्न इतकाच आहे की, लेण्यांतून काय घ्यावे आणि काय घेऊ नये.

दगडात राहिलेले लाकूड

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपली लेणी दगडात असली तरी त्यांची भाषा लाकडाची आहे. प्राचीन विहार, राजवाडे आणि घरे मुख्यतः लाकडाची होती. ती काळाच्या ओघात नष्ट झाली. शैलगृहे खोदणाऱ्यांनी मात्र त्याच लाकडी इमारतींची रूपे दगडात उतरविली. कार्ले येथील चैत्यगृहाच्या छताला आजही प्राचीन सागवानी फासळ्या आहेत आणि स्तूपावरील छत्रही लाकडाचेच आहे. वेरूळच्या दहाव्या लेण्यात हेच काम दगडात केलेले दिसते. तेथील कमानदार छताच्या फासळ्या पाहताना आपण सुताराच्या हातचे काम पाहत आहोत असा भास होतो. लोकांनी या लेण्याला 'सुताराची झोपडी' असे नाव दिले. सुतार मंडळी तेथील बुद्धांना विश्वकर्मा समजून वंदन करीत आली, आणि म्हणून त्या लेण्याचे नाव विश्वकर्मा पडले. बुद्धांची ओळख पुसली गेली तरी लाकूडकामाची ओळख पुसली गेली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

जे छताचे, तेच आसनांचे. दीड हजार वर्षांपूर्वीची एखादी खुर्ची किंवा मंचक आज आपल्या हाती नाही. परंतु शिल्पात व चित्रात त्यांची रूपे राहिली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील राजवाड्यांच्या दृश्यांत गाद्या, लोड आणि बुटकी आसने दिसतात. वेरूळच्या दुसऱ्या व दहाव्या लेण्यांत, अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात आणि औरंगाबादच्या तिसऱ्या लेण्यात भगवान बुद्ध दोन्ही पाय खाली सोडून, म्हणजे आपण आज खुर्चीवर बसतो तसे, बसलेले आहेत. या बैठकीला प्रलंबपादासन किंवा भद्रासन म्हणतात. गेल्या शतकांतील पाश्चात्त्य अभ्यासकांनी तिला 'युरोपीय बैठक' असे नाव दिले होते. जणू खुर्चीवर बसणे या देशाला बाहेरून शिकावे लागले! आपल्या डोंगरांतील मूर्तीच या नावाला उत्तर देतात.

युरोपातही असेच घडले होते. ग्रीकांच्या वाकड्या पायांच्या खुर्च्या कुजून गेल्या. त्यांची रूपे मातीच्या भांड्यांवर आणि थडग्यांच्या शिळांवर उरली. हर्क्युलेनियम येथे १७३८ साली आणि पॉम्पेई येथे १७४८ साली उत्खनन सुरू झाले. त्यानंतर त्या अवशेषांवरून टेबले, खुर्च्या व दिवे घडविण्याची लाट युरोपभर पसरली. १८०७ साली लंडनमध्ये टॉमस होप या श्रीमंत संग्राहकाने प्राचीन नमुन्यांवरून केलेल्या फर्निचरचा ग्रंथच प्रसिद्ध केला. पुढे १९७१ साली इटलीतील तुरीन शहराच्या 'स्टुडिओ ६५' या गटाने ग्रीक स्तंभाच्या कलंडलेल्या शिरोभागाच्या आकाराचे आसन तयार केले. दिसायला ते संगमरवराचे भग्न शिल्प होते, पण बसल्यावर खाली दबणारे ते फोमचे आसन होते. त्यात गंमत होती आणि प्राचीन वैभवाची थोडी थट्टाही होती. मात्र या सर्व उदाहरणांत अवशेषाचे रूप तेवढे घेतले गेले. ते आसन कोणासाठी होते आणि त्यावर कोणी बसावे, हा विचार मागे राहिला. बौद्धांना तो मागे ठेवता येत नाही, कारण आपल्याकडे या विषयावर स्वतंत्र शास्त्र आहे.

विनयातील सुतारकाम

ते शास्त्र विनयपिटकात आहे. चुल्लवग्गातील सेनासनक्खन्धक हा सबंध भाग निवास, शय्या आणि आसने यांविषयी आहे. पालीतील सेनासन या शब्दात शयन व आसन दोन्ही येतात. मंच म्हणजे पलंग आणि पीठ म्हणजे बैठकीचे आसन. त्यांचे चार प्रकार तेथे सांगितले आहेत : मसारक, बुन्दिकाबद्ध, कुळीरपादक आणि आहच्चपादक. अट्ठकथेच्या आधारे पाहिले तर हे प्रकार मुख्यतः सांध्यावरून पडले आहेत. पायाला भोक पाडून त्यात चौकटीची टोके बसविली की मसारक होतो. पाय व चौकट एकमेकांस घट्ट जखडली की बुन्दिकाबद्ध होतो. कुळीरपादक हा खेकड्याच्या नांगीसारख्या वाकड्या पायांचा. आहच्चपादकाचे पाय खिळीने बसविलेले व सहज निघणारे असतात. आजच्या दुकानांत सुटे भाग जोडून उभे करावयाचे जे पलंग मिळतात, त्यांचा हा पूर्वज म्हणावयास हरकत नाही. याखेरीज कोच्छ, गवताच्या पेंढ्यांचे पलालपीठ, चौकोनी आसन्दिक, फळी आणि चार पाय व तीन बाजूंचे आधार मिळून होणारे सत्तंग ही आसनेही तेथे येतात.

या आहच्चपादकाची एक कथा पाचित्तिय नियमांत आहे. माळ्यासारख्या वरच्या मजल्यावर ठेवलेल्या अशा पलंगावर एक भिक्षू धाडकन बसला. पाय निसटला आणि खाली बसलेल्या भिक्षूच्या डोक्यावर पडला. त्यावरून अशा जागी असे आसन वापरू नये असा अठरावा पाचित्तिय नियम झाला. नियम कोठून येतो हे या कथेवरून कळते. प्रत्यक्ष अपघात घडला, कोणास तरी इजा झाली, आणि मग नियम झाला.

उंचीचा नियमही असाच. उपनंद नावाच्या भिक्षूने आपला उंच पलंग भगवंतांना कौतुकाने दाखविला आणि भगवंतांनी त्याची निर्भर्त्सना केली. सत्त्याऐंशीव्या पाचित्तिय नियमानुसार नवा मंच किंवा पीठ करविताना चौकटीखालील पाय आठ सुगतांगुळांपेक्षा उंच नसावेत. उंच असल्यास कापून घ्यावेत. सुगतांगुळ सामान्य माणसाच्या बोटाएवढे मानले तर ही उंची सुमारे ६ इंच होते. अट्ठकथेच्या परंपरेप्रमाणे सुगताचे माप सामान्य मापाच्या तिप्पट धरले तर २४ अंगुळे, म्हणजे एक हात किंवा सुमारे १८ इंच होतात. आजच्या साध्या खुर्चीची बैठकही जवळपास तेवढीच उंच असते. तेव्हा विनयाने माणसाला जमिनीवरच बसविले असा समज करून घेण्याचे कारण नाही. शरीराला पुरेल एवढी उंची त्याने दिली आणि मिरवण्यासाठी लागणारी उंची नाकारली. अष्टशील घेणाऱ्या उपासक-उपासिकांना उच्चासयन-महासयनापासून विरत राहण्याचे शील परिचित आहे. त्याचा अर्थही याच मापाने लावावयाचा आहे.

सर्वांत बोधप्रद प्रसंग कोसलनरेश पसेनदीच्या आजीच्या मृत्यूनंतरचा आहे. तिच्या निधनानंतर संघाला अनेक वस्तू मिळाल्या. त्यांत उंच पायांची आसन्दी, हिंस्र पशूंच्या आकृत्या लावलेला पल्लंक आणि कापसाच्या गाद्या होत्या. विनयाप्रमाणे या वस्तू अयोग्य होत्या. परंतु त्या फेकून देण्यास किंवा परत करण्यास सांगितले गेले नाही. आसन्दीचे पाय कापून, पल्लंकावरील पशूंच्या आकृत्या काढून आणि गाद्या उसवून त्यांच्या उश्या करून त्या वापरण्याची अनुज्ञा मिळाली. राजवाड्यातील आसन संघात येताना काय सोडून येते, हे याहून स्पष्ट सांगता येणार नाही. लाकूड व बैठक येतात. उंची व पशू मागे राहतात.

एकाच लेण्यातील दोन आसने

येथे कोणीही विचारील की, असे असेल तर वेरूळ व अजिंठ्याच्या बुद्धमूर्तींना सिंहासने का दिली? उत्तरासाठी लेणे नीट पाहिले पाहिजे. मूर्तीचे सिंहासन हे प्रतीक आहे. भगवंतांना शाक्यसिंह म्हटले जाते, त्यांच्या उपदेशाला सिंहनाद म्हणतात. त्यामुळे सिंह, हत्ती, व्याल आणि मकर यांनी सजलेले आसन हे धम्माच्या सार्वभौमत्वाचे चिन्ह ठरते. वेरूळच्या दहाव्या लेण्यात स्तूपापुढील सुमारे १५ फूट उंच मूर्ती पाहताना हा अर्थ आपोआप जाणवतो. औरंगाबादच्या तिसऱ्या लेण्यात तर बुद्धांसमोर पुरुषभर आकाराचे स्त्री-पुरुष उपासक गुडघे टेकून हात जोडलेले कोरले आहेत. ते दागिने ल्यालेले संपन्न लोक आहेत. पण बसले आहेत ते जमिनीवर.

अशा विहारांत बाजूच्या खोल्यांकडे वळले की दुसरे आसन दिसते. अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात तीन बाजूंना मिळून बारा खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत दोन दगडी ओटे आहेत. डोके टेकण्यासाठी एका टोकाला दगड किंचित उंच ठेवला आहे. त्यावर सिंह, कमळ किंवा वेलबुट्टी नाही. भिक्षूचा पलंग हा असा होता. म्हणजे शैलगृहांच्या परंपरेनेच दोन आसने वेगळी ठेवली. एक मूर्तीसाठी, दुसरे जिवंत माणसासाठी. आपण पहिल्याची नक्कल करून त्यावर जिवंत माणसाला बसवू लागलो, तर तो लेण्यांचा वारसा नव्हे. तो त्यांचा चुकीचा अर्थ ठरेल.

तिसरे एक आसन आहे, आणि आमच्या मते तेच सर्वांत मोलाचे आहे. वेरूळचे पाचवे लेणे सुमारे ११७ फूट खोल आणि ५८ फूट रुंद आहे. त्याच्या मध्यभागी दोन लांबलचक, बुटकी दगडी बाके एकमेकांना समांतर, दरवाजाकडून गाभाऱ्याकडे गेलेली आहेत. अशीच बाके कान्हेरीच्या अकराव्या, 'दरबार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेण्यातही आहेत. भिक्षुसंघ तेथे भोजनासाठी किंवा पठणासाठी समोरासमोर बसत असावा असे अभ्यासक मानतात. बाकाची उंची या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच आहे. या लेण्याचे रूढ नाव 'महारवाडा' असे आहे. ज्या वस्तीला गावाने वेशीबाहेर ठेवले तिचे नाव, जेथे सारे एका पातळीवर बसत त्या शाळेला मिळावे, हा योगायोग वाचून पुढे जाण्याजोगा नाही.

बसण्याचा अधिकार

आता त्या उपासिकेच्या प्रश्नाकडे वळू. तिचे म्हणणे खरे आहे. आपल्या समाजात आसन हा कधीच केवळ लाकडाचा प्रश्न नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की, शाळेत त्यांना वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसावयाचे गोणपाट घरून न्यावे आणि संध्याकाळी परत आणावे लागे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला शिवत नसे. १९३४ साली सहकाऱ्यांसह ते या भागात आले, तेव्हा वेरूळची बौद्ध लेणी पाहणे हा त्या प्रवासाचा ठरलेला भाग होता. त्याच प्रवासात दौलताबादच्या किल्ल्यापाशी तळ्याच्या पाण्याला स्पर्श केल्यावरून त्यांना अपमान सोसावा लागला. पुढे १९५० साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने याच शहरात महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. गोणपाटापासून महाविद्यालयाच्या बाकापर्यंतचे हे अंतर ज्यांनी कापले, त्यांना 'खाली बसा' असे कोणी सांगू नये. तसे सांगण्याचा आमचाही हेतू नाही.

तथागतांच्या संघातही हा प्रश्न उभा राहिला होता. एकदा काही भिक्षूंनी पुढे जाऊन सर्व निवास अडविले आणि स्थविर सारिपुत्तांना रात्र झाडाखाली काढावी लागली. भगवंतांनी भिक्षूंना विचारले की, प्रथम आसन, प्रथम पाणी व प्रथम भिक्षा यांना कोण पात्र आहे? काहींनी क्षत्रिय कुळातून आलेल्याचे नाव घेतले, काहींनी ब्राह्मण कुळातून आलेल्याचे, तर काहींनी गृहपती कुळातून आलेल्याचे. भगवंतांनी ही सर्व उत्तरे नाकारली. तित्तिर पक्षी, वानर आणि हत्ती यांनी आपल्यात वडील कोण हे ठरवून त्याचा मान कसा राखला, ही कथा सांगून त्यांनी ज्येष्ठता हाच आधार ठरविला. आसनाचा क्रम कुळावरून लावण्याची रीत अशा रीतीने संघात मोडली गेली.

मग धर्मासन उंच का? याचे उत्तर सेखिय नियमांत आणि छवक जातकात आहे. त्या कथेत बोधिसत्त्व चांडाळ कुळात जन्मलेला आहे. पत्नीच्या डोहाळ्यासाठी तो राजाच्या बागेत आंबे चोरण्यास झाडावर चढतो. त्याच झाडाखाली राजा उंच आसनावर बसून, खालच्या आसनावरील पुरोहिताकडून मंत्र शिकत असतो. बोधिसत्त्व खाली उतरून सांगतो की, येथे तिघेही चुकले : चोरी करणारा मी, उंच बसून विद्या घेणारा राजा आणि पोटासाठी खाली बसून ती देणारा ब्राह्मण. राजा प्रसन्न होतो. पण तू कुलीन असतास तर तुला राजा केले असते, असे म्हणून त्याला रात्रीचे नगररक्षण देतो. जातीची अडचण कथेतही सुटत नाही. तरीही विद्येचे आसन सत्तेच्या आसनाखाली असू नये हे सत्य सांगणारा चांडाळच आहे, ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. सेखिय नियमही हेच सांगतो : स्वतः खालच्या आसनावर बसून, उंच आसनावरील निरोगी माणसाला धम्म सांगू नये. येथे 'निरोगी' हा शब्द महत्त्वाचा आहे. आजारी माणसाला उंच बसण्याची मोकळीक आहे. गुडघे दुखणाऱ्या वृद्धांनी खुर्चीवर बसून धम्म ऐकला तर त्यांच्या हातून अनादर घडतो, असे समजण्याचे कारण नाही.

यावरून धर्मासन श्रोत्यांपेक्षा थोडे उंच असावे हे सिद्ध होते. मात्र ती उंची धम्माची आहे. प्रवचन संपून वक्ता उठला की त्या उंचीवरील त्याचा अधिकारही संपतो. सिंहाचे पाय, सोनेरी रंग आणि छत लावले की हीच उंची व्यक्तीची होऊ लागते. ज्या समाजाने जन्मावरून ठरलेली उंच आसने मोडली, त्याने नवी उंच आसने घडविताना ही सावधगिरी बाळगली पाहिजे.

कारागिराला काय सांगावे?

एवढ्या विवेचनातून आम्ही काढलेले निष्कर्ष थोडक्यात देतो. बैठकीची उंची सुमारे १८ इंचांपर्यंत ठेवावी. अधिक उंची हवी असल्यास आसनाखाली बुटका चौथरा करावा. सिंह, मकर, व्याल ही चिन्हे मूर्तीच्या चौथऱ्यासाठी राखून ठेवावीत. चैत्यकमान किंवा फासळ्यांची रचना घ्यावयाची असेल तर ती पाठीच्या लाकडाला बळ देईल अशी घ्यावी. वरून चिकटविलेली नक्षी लवकर सुटते आणि शोभाही देत नाही. सांधे लाकडातच घ्यावेत, म्हणजे पुढे दुरुस्ती करता येते. सभागृहासाठी सुट्या खुर्च्यांऐवजी लांब, एकाच उंचीची बाके करावीत आणि वृद्धांसाठी पाठ व हात असलेली काही आसने ठेवावीत. काम झाल्यावर आसने पावसात उघड्यावर राहू नयेत. संघाची आसने बाहेर तशीच सोडून जाण्यालाही विनयात दोष मानला आहे.

आमच्या येथील धर्मासन अखेर सागवानीच झाले. दाते उपासक प्रारंभी थोडे नाराज होते, परंतु पसेनदीच्या आजीची हकीकत ऐकून त्यांनीच सिंहांचा आग्रह सोडला. त्यासाठी घेतलेल्या लाकडातून सुताराने दोन लांब बाके करून दिली. प्रश्न विचारणाऱ्या उपासिका आता त्यांपैकी एका बाकावर, भन्तेजींच्या समोर बसून धम्म ऐकतात. त्या बाकाची उंची वेरूळच्या महारवाड्यातील बाकाएवढी आहे काय, असे त्यांनी आम्हाला मध्यंतरी विचारले. पुढील खेपेस लेण्यांच्या अभ्याससहलीला मापाची पट्टी घेऊन जाण्याचे आम्ही ठरविले आहे.